तो कुत्र्याला मारतो. लग्न करू का?

"साखरपुडा झालाय. मुलगा शांत आहे, माझ्याशी फार नीट वागतो. पण परवा त्याने ब्रूनोला पट्ट्याने मारलं. आई म्हणते, कुत्रंच ते, एवढं काय मनाला लावून घेतेस? मी उगाच जास्त विचार करतेय का?"

सत्तावीस वर्षांच्या एका मुलीचा हा प्रश्न (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). असाच प्रश्न घेऊन लग्न ठरलेल्या बऱ्याच मुली माझ्याकडे समुपदेशनाला येतात. आधी हेच सांगते, की हा विचार उगाच नाही. कुत्रा नातेवाइकांकडे तक्रार करत नाही, घर सोडून जात नाही. त्याच्यासमोर माणसाला चांगलं दिसायची गरज नसते.

पण एका फटक्यावरून माणूस ठरवू नये. म्हणून तिला प्रसंग क्रमाने सांगायला लावला. आधी काय झालं, किती वेळा मारलं, कुत्रा दबल्यावर हात थांबला का, नंतर तो काय म्हणाला?

दोन वर्षांचा लॅब्रेडॉर, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात घरात एकटा. हॉलमध्ये शू झाली होती. मुलाने आल्या आल्या त्याला गळपट्टा धरून तिथे ओढत नेलं, नाक फरशीला लावलं आणि तीन-चार फटके दिले. ब्रूनो पोटावर दबला, शेपूट पायांत, आणि तिथेच पुन्हा थोडी शू झाली. "बघ कसा अपराधी चेहरा केलाय, त्याला सगळं कळतं," असं तो म्हणाला.

नेमकं इथेच चुकतं. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या 2009 सालच्या प्रयोगात हा 'अपराधी' चेहरा मालक रागावल्यावर दिसला. कुत्र्याने काही केलंय की नाही, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. ती भीती असते. दुपारच्या शूची शिक्षा सात वाजता मिळाली, तर कुत्रा ती मालकाच्या घरी येण्याशी जोडतो. मग मालकाला बघूनच त्याची शू सुटते, आणि मालकाला वाटतं हा मुद्दाम करतोय.

उपाय साधे आहेत. आधी पशुवैद्यांकडून लघवीचा संसर्ग नाही ना, ते बघायचं. दिवसातून निदान तीनदा बाहेर न्यायचं. दुपारी अर्धा तास त्याला फिरवायला कोणाला तरी सांगायचं. डाग एन्झाइमच्या क्लीनरने पुसायचा, वास राहिला तर कुत्रा तिथेच परत जातो. बाहेर शू केल्या केल्या, दोन-तीन सेकंदांत, खाऊ द्यायचा.

तिला म्हटलं, हे सगळं त्याला सांग. तो चिडलेला असताना नको, निवांत असताना सांग. मग काय होतं ते बघ. अज्ञानातून मारणारा माणूस माहिती मिळाल्यावर ओशाळतो आणि हात आवरतो. ज्याला धाक घालण्यात समाधान असतं, तो माहिती देणाऱ्यावरच उखडतो.

आणखी एक बघायला सांगितलं. पाहुण्यांसमोर शू झाली, तर तो काय करतो? तेव्हा हात आवरत असेल, तर राग अनावर होतो हे खरं नाही. तो कुठे काढायचा हे तो निवडतोय. मग घरकामाच्या मावशी, वॉचमन, धाकटा भाऊ यांच्याशीही तो कसा बोलतो, ते बघायचं. उलट, कुत्र्याचे लाड करतो म्हणून बायकोशी बरा वागेल, असंही धरून चालू नये. लाड करणं सोपं असतं. नुकसान झाल्यावर माणूस कळतो.

"ऐकलं नाहीस तर ब्रूनोला सोडून येईन," अशी धमकी कोणी देत असेल, तर मात्र बघत बसायचं नाही. तिथे कुत्र्याआडून तुम्हालाच भीती घातली जातेय. अशा वेळी मी जोडप्याला एकत्र बसवत नाही. आधी मुलीची सुरक्षितता, घरच्या विश्वासू माणसाला कल्पना, आणि गरज पडल्यास महिला हेल्पलाइन 181.

या मुलाने पहिल्यांदा विषय हसण्यावारी नेला. आठवड्याभराने तो स्वतःच तिला म्हणाला, "मी फिरवायला पट्टा उचलला, तर तो पलंगाखाली गेला." पशुवैद्यांना दाखवलं, दुपारी फिरवायला शेजारचा मुलगा ठरला. आपल्यालाही लहानपणी पट्ट्याचाच मार बसायचा, हेही त्याने तिला सांगितलं.

लग्न मोडायचं नाही, पण तारीख पुढे ढकलायची, असं तिने ठरवलं. मला ते योग्य वाटलं. सध्या दोघं एकत्र येतात. जबडा आवळला, आवाज चढला की "वीस मिनिटांत येतो" असं सांगून खोलीबाहेर जायचं आणि ठरल्या वेळी परत येऊन बोलणं पुरं करायचं, याचा सराव चाललाय. बाहेर जाणं त्याला जमतं. परत येऊन बोलणं अजून जड जातं.