मायटोकॉन्ड्रियातला डीएनए खरंच उघडा असतो का?

तुमचा प्रश्न असा की, माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांत) हिस्टोन, म्हणजे केंद्रकातला डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं, नाहीत, मग तिथल्या डीएनएवर बसणारी प्रथिनं असून असून किती असणार? 'हिस्टोन नाहीत म्हणजे डीएनए उघडा' हे वाक्य मीही परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. ते चुकीचं आहे.

तिथे हिस्टोनचं काम टीफॅम नावाचं प्रथिन करतं, आणि तेही एकहाती. हा डीएनए म्हणजे १६,५६९ बेसजोड्यांचं (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांचं) एक कडं. अशा एका कड्यामागे टीफॅमचे साधारण हजार रेणू मोजले गेलेत. भागाकार करून बघा, दर १६-१७ बेसजोड्यांमागे एक! एका पेशीत अशी हजार कडी धरली, तर टीफॅमचे रेणू झाले दहा लाख. प्रत्येक रेणू डीएनएला इंग्रजी 'यू'सारखा वाकवतो. म्हणून तर सरळ केल्यास साडेपाच मायक्रॉन भरणारं कडं जेमतेम ०.१ मायक्रॉनच्या गोळ्यात मावतं. या गोळ्याला न्यूक्लिऑइड म्हणतात.

मात्र जुन्या शोधनिबंधांत टीफॅमचा हाच आकडा कड्यामागे ५०च्या आतबाहेरही सापडेल. मोजायची पद्धत बदलली की आकडा बदलतो, त्यामुळे कुठलाही आकडा उचलण्याआधी तो कसा काढलाय ते बघा. मी हजाराच्या बाजूचा, कारण पन्नास रेणूंत एवढं कडं गुंडाळणं शक्य वाटत नाही.

बाकीची मंडळी म्हणजे सुट्या धाग्याला धरून ठेवणारं एसएसबी, पीळ उलगडणारं ट्विंकल, नक्कल काढणारं पोलिमरेज गॅमा, आरएनए बनवणारं पोलिमरेज. यातलं एसएसबी बऱ्यापैकी असतं; पोलिमरेजं त्यामानाने फार थोडी, आणि तेवढी पुरतात.

गंमत म्हणजे यातलं एकही प्रथिन त्या कड्यावरच्या ३७ जनुकांतून बनत नाही. सगळी केंद्रकातल्या जनुकांवरून बाहेर बनतात आणि आत पाठवली जातात. तरी टीफॅमचा साठा डीएनएच्या हिशेबातच राहतो, कारण डीएनएवर न बसलेलं टीफॅम 'लॉन' नावाचं प्रोटिएज कापून टाकतं. ज्या पेशींमधून मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए मुद्दाम काढून टाकलेला असतो, त्यांत टीफॅम जवळपास सापडतच नाही. म्हणून 'पेशीत एकूण किती' यापेक्षा 'एका कड्यामागे किती' असं विचारा. परीक्षानळीत हे प्रमाण वाढवत नेलं तर डीएनए इतका आवळला जातो की पोलिमरेजला आत शिरता येत नाही, आणि नक्कल थांबते.