नाणं चिंचेनं घासू नकोस

सातवाहनांचं तांब्याचं नाणं मिळालं की आपला हात आधी चिंचेकडे जातो. देवघरातल्या ताम्हनाला ते ठीक, इथे नको. गुळगुळीत, गडद हिरवा थर राहू दे. अक्षरं बहुधा त्यातच टिकलेली असतात. भीती आहे ती फिकट हिरव्या, पिठासारख्या भुकटीची. आत दडलेल्या क्लोराइडला ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की आम्ल बनतं, ते आणखी तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड. असं नाणं वेगळं काढून ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह हवाबंद डबीत ठेव, आर्द्रता ४० टक्क्यांखाली. पावसाळ्यात जेल पुन्हा पुन्हा वाळवावं लागतं, वैताग येतो, पण इलाज नाही. आणि शिशाची नाणी लाकडी कपाटात नकोच! लाकडातून सुटणाऱ्या ॲसेटिक आम्लाच्या वाफेनं त्यांची पांढरी भुकटी होते.