रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढलं की जिवाणूंचं विष पेशींना जास्त भोकं पाडतं का?

तुमचा प्रश्न असा: घसा धरवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकसचं विष पेशीपटलातल्या कोलेस्टेरॉलला चिकटून भोकं पाडतं, मग लिपिड प्रोफाइल बिघडलेल्या माणसाला त्याचा धोका जास्त का? आणि स्टॅटिननं (कोलेस्टेरॉल कमी करायच्या औषधानं) तो कमी होईल का?

तसं सरळ गणित नाही. रिपोर्टवरचा आकडा एलडीएल-एचडीएलमधून फिरणाऱ्या कोलेस्टेरॉलचा असतो. पेशीपटलात किती ठेवायचं ते पेशी स्वतः बघते. उलट ट्यूबमध्ये मोकळं कोलेस्टेरॉल घातलं की स्ट्रेप्टोलायसिन-ओ, म्हणजे स्ट्रेप्टोकोकसचं हेच विष, तिथंच गारद होतं. १९३२ साली टॉडनं आणलेली एएसओची (रक्तात या विषाविरुद्ध अँटिबॉडी किती ते बघायची) मूळ तपासणी तांबड्या पेशी फुटतात की वाचतात यावर चालायची. त्यात रक्तातलं लायपोप्रोटीनच (एलडीएल-एचडीएलसारखं) विष अडवायचं आणि अँटिबॉडी नसताना टायटर, म्हणजे अँटिबॉडीचा आकडा, चढा दिसायचा.

आता मुद्द्याचं. ‘विष कोलेस्टेरॉलला चिकटतं’ हे वाक्य पाठ करून लोक परीक्षा पास होतात, पण ते अर्धवट आहे. विष चिकटतं ते पटलात उघड्या पडलेल्या कोलेस्टेरॉलला. पटलातले फॉस्फोलिपिड म्हणजे छत्र्या धरा. कोलेस्टेरॉलचं डोकं इवलंसं, ते त्यांच्या आडोशाला उभं राहतं. गर्दी छत्र्यांना पुरेनाशी झाली की उरलेलं उघडं पडतं, आणि विषाला सापडतं ते तेवढंच. म्हणून फॉस्फॅटिडिलकोलीन या फॉस्फोलिपिडच्या लायपोसोममध्ये (लॅबमध्ये बनवलेल्या पटलाच्या फुग्यात) कोलेस्टेरॉल साधारण ३० मोल टक्क्यांपर्यंत असेल तर परफ्रिंगोलायसिन, म्हणजे याच घराण्यातलं दुसरं विष, जवळपास चिकटतच नाही आणि त्यापुढे एकदम चिकटतं. स्फिंगोमायलिन हे दुसरं फॉस्फोलिपिड तर कोलेस्टेरॉलला फारच घट्ट धरून ठेवतं.

विषाच्या चौथ्या भागाच्या टोकाशी थ्रिओनिन-ल्युसिनची जोडी असते, कोलेस्टेरॉल ओळखते ती. मग ३५-४० रेणूंचं कडं जमतं, ते पटलाकडे खाली बसतं आणि २५-३० नॅनोमीटरचं भोक पडतं. हिमोग्लोबिन पाच-सहा नॅनोमीटरचं, सहज बाहेर येतं.

हे पटत नसेल तर करून बघा. स्ट्रेप्टोलायसिन-ओ १० मिलिमोलर डीटीटीत (ऑक्सिडेशन उलटवणाऱ्या रसायनात) ३७ अंशांवर १५ मिनिटं ठेवा, कारण बाटलीत त्याचं सिस्टीन ऑक्सिडाइज होऊन बसलेलं असतं. (यावरून ‘थायॉल-ॲक्टिव्हेटेड’ म्हणायची जुनी सवय सोडा. त्या सिस्टीनच्या जागी ॲलॅनिन घातलं तरी विष काम करतं.) तांबड्या पेशी पीबीएसमध्ये (मीठ-फॉस्फेटच्या बफर द्रावणात) तीनदा धुवा. सीरम राहिलं तर वरचाच एएसओचा घोळ होईल. १ टक्का सस्पेन्शन करा, विषाचं निम्मं-निम्मं डायल्यूशन लावा, बर्फावर १० मिनिटं चिकटू द्या आणि गार पीबीएसनं धुवा. थंडीत विष चिकटतं पण भोक पडत नाही. मग ३७ अंशांवर ३० मिनिटं ठेवून सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी ५४० नॅनोमीटरला वाचा. डिस्टिल्ड वॉटरमधली ट्यूब म्हणजे १०० टक्के.

आता अर्ध्या पेशींवर आधीच स्फिंगोमायलिनेज, म्हणजे स्फिंगोमायलिन तोडणारं एन्झाइम, चालवा. एकूण कोलेस्टेरॉल तेवढंच राहतं, पण विष जास्त चिकटतं. बहुतेकांचा प्रयोग फसतो तो इथंच. साध्या पीबीएसमध्ये मॅग्नेशियम नसतं आणि स्टॅफिलोकोकसचं हे एन्झाइम त्याशिवाय हलत नाही. दुसरं, लॅबमध्ये मेंढीचं रक्त हाताशी असतं म्हणून तेच घेतात. मेंढीच्या तांबड्या पेशींत फॉस्फॅटिडिलकोलीन जवळपास नसतं, निम्म्याच्या आसपास फॉस्फोलिपिड स्फिंगोमायलिनच असतं. एन्झाइम चालवून त्या बर्फावर ठेवल्या की आपोआप फुटतात. कॅम्प टेस्टमध्ये (स्ट्रेप्टोकोकसची एक जात ओळखायच्या चाचणीत) हेच एन्झाइम मेंढीच्या पेशी अर्धवट पोखरून ठेवतं. आणि आपण लाल पाणी बघून विषाला श्रेय देतो! माणसाच्या पेशी घ्या, आणि एन्झाइम आहे पण विष नाही अशी ट्यूब लावल्याशिवाय निकाल कुणाला दाखवू नका.

कोलेस्टेरॉल काढायला मिथिल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन वापरणार असाल तर १ ते ५ मिलिमोलर चढती मात्रा लावून आधी फक्त त्यानं किती पेशी फुटतात ते मोजा. नंतर धुवून टाका.

एक राहिलं: सगळी विषं या चालीनं जात नाहीत. याच घराण्यातलं इंटरमेडिलायसिन माणसाच्या पेशीवरच्या सीडी५९ या प्रोटीनला धरतं. त्याला कोलेस्टेरॉल लागतं ते पुढं, भोक पाडताना. लिस्टेरिया जिवाणूच्या लिस्टेरिओलायसिनला आम्लपणा मानवतो, त्यामुळे ७.४ पीएचला आकडे कमी येणारच. आणि नाव सारखं वाटलं तरी कॉलराच्या विषाचा यात संबंध नाही, ते जीएम१ गँग्लिओसाइडला चिकटतं.

स्टॅटिनचं म्हणाल तर तुमच्या डॉक्टरांनी हृदयासाठी दिलं असेल तर घ्या, घसा दुखतोय म्हणून नको.