किनाऱ्यावरचं रडार समुद्राचा प्रवाह कसा मोजतं?

तुमचा प्रश्न असा आहे: रडार विमानं आणि जहाजं हुडकतं हे ठाऊक आहे, पण पाणी इथूनतिथून सारखंच दिसतं, मग किनाऱ्यावर उभ्या केलेल्या रडारला समुद्राचा प्रवाह कळतो कसा? आणि लाटा, वारा हेही त्यातूनच मोजतात हे खरं का?

खरं आहे. मी कोल्हापुरात कॉलेजला फिजिक्स शिकवतो. समुद्र इथून घाट उतरून शंभरावर किलोमीटर लांब, पण यातलं मूळ तत्त्व समजायला रंकाळा आणि पंचगंगा पुरतात.

वारा पडलेला असताना सकाळी रंकाळ्यात एक खडा टाका. तरंगाचं वर्तुळ चारी बाजूंनी सारखं पसरतं आणि खडा जिथं पडला ती जागा बरोबर मधोमध राहते. आता पंचगंगेच्या घाटावर, पाण्याला ओढ असताना, तोच खडा टाका. वर्तुळ गोलच असतं, पण अख्खं खालच्या अंगाला सरकत जातं. प्रवाहाच्या दिशेची कड झपाट्यानं निघून जाते, उलट बाजूची कड जागीच रेंगाळते. तरंगाचा स्वतःचा वेग दोन्हीकडं एकच, फरक पडला तो नदीच्या वाहण्यानं. दरवर्षी मी बारावीच्या मुलांना घाटावर नेऊन हे दाखवतो. रडार हेच करतं. ते पाणी बघत नाही, एका ठरावीक लाटेचा वेग बघतं.

ती लाट कोणती? आमच्या घरी वडिलांचा जुना रेडिओ आहे. त्याच्या शॉर्टवेव्हच्या पट्टीवर २५, ३१, ४१ मीटर असे आकडे छापलेत. ही रेडिओ लहरींची लांबी. किनाऱ्यावरची ही रडारं याच शॉर्टवेव्ह घराण्यातली, ३ ते ३० मेगाहर्ट्झची. समजा रडार १२ मेगाहर्ट्झवर चालतंय, म्हणजे लहर २५ मीटरची. समुद्रावर लहानमोठ्या सगळ्या लाटा असतात, पण ज्या लाटांचे माथे एकमेकांपासून नेमके साडेबारा मीटरवर आहेत, त्यांच्याकडून येणारे प्रतिध्वनी एका तालात येतात. मागच्या माथ्यापर्यंत जायला साडेबारा मीटर जास्त, परत यायला साडेबारा मीटर जास्त, मिळून पूर्ण २५. त्यामुळं प्रत्येक माथ्याचा प्रतिध्वनी पुढच्याशी जुळतो आणि बेरीज मोठी होते. बाकीच्या लाटांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिटून जातात. न्यूझीलंडमध्ये क्रॉम्बी या शास्त्रज्ञानं समुद्रावरून येणाऱ्या रेडिओ प्रतिध्वनीतली ही खूण १९५५ साली ओळखली.

खोल पाण्यात साडेबारा मीटरची लाट स्थिर समुद्रात सेकंदाला साधारण ४.४ मीटर जाते. हा वेग तिच्या लांबीवरूनच ठरतो, त्यात गुरुत्वाकर्षणाशिवाय कुणाचा हात नाही. रडारनं त्याच्याकडं येणाऱ्या अशा लाटेचा वेग डॉप्लरनं, म्हणजे परतलेल्या लहरीची वारंवारता किती बदलली यावरून, काढला आणि तो ४.९ भरला, तर वरचा अर्धा मीटर कुठून आला? पाणीच तेवढ्या वेगानं रडारकडं येत होतं. तोच प्रवाह. मला स्वतःला यातलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं, की लाटेचा वेग आधीच पक्का माहीत असल्यामुळं वजाबाकी करून प्रवाह हातात येतो. मोजला जातो तो वरच्या एक-दोन मीटर थराचा प्रवाह, तळाचा नव्हे.

एका रडारला फक्त जवळ येणं आणि लांब जाणं कळतं, आडवं वाहणं कळत नाही. म्हणून काही अंतरावर दुसरं स्टेशन लागतं. दोघांचे आकडे जोडले की वेग आणि दिशा दोन्ही मिळतात, आणि साधारण तासाला एक नकाशा तयार होतो. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, म्हणून ही लहर समुद्राला चिकटून क्षितिजापलीकडं जाते. पाच मेगाहर्ट्झच्या आसपास दोनशे किलोमीटरपर्यंत, २५ ला चाळीसेक किलोमीटर. गोड्या पाण्यावर ती इतकी लांब जात नाही, त्यामुळं हे यंत्र रंकाळ्यावर लावून उपयोग नाही.

वाऱ्याचं म्हणाल तर, रडारकडं येणाऱ्या लाटा आणि दूर जाणाऱ्या लाटा वेगवेगळ्या उमटतात. कुठली खूण किती ठळक यावरून वाऱ्याची दिशा कळते. मुख्य खुणांच्या आजूबाजूला जो मंद पसारा असतो त्यातून लाटांची उंची काढतात. वाऱ्याच्या वेगावर मात्र मी तेवढा भरवसा ठेवणार नाही. प्रवाह हेच या रडारचं खरं काम.

आणि ते किती मोलाचं आहे हे मी घरात बघितलंय. माझं आजोळ रत्नागिरीकडचं. एका डिसेंबरात मामांच्या होडीचं इंजिन खोल पाण्यात बंद पडलं. दुपारचा वारा वायव्येकडून होता, म्हणून शोधायला गेलेल्या होड्या दक्षिणेला फिरत राहिल्या. मामा दुसऱ्या दिवशी उत्तरेला सापडले. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात पाणी दक्षिणेकडं ओढतं आणि हिवाळ्यात उत्तरेकडं. रात्रभर मामी ओट्यावर बसून होती. त्या रात्री प्रवाहाचा ताजा नकाशा कुणाच्या हातात असता तर तांडेलांनी, म्हणजे होड्या हाकणाऱ्यांनी, त्या वेगळ्या बाजूला घातल्या असत्या. हरवलेली होडी किंवा माणूस कुठं वाहत गेला असेल याचा अंदाज देणारी ‘सारत’ ही सेवा समुद्राची माहिती पुरवणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेनं २०१६ पासून सुरू केली आहे, आणि अशा अंदाजाला प्रवाहाची माहिती जितकी खरी मिळेल तितका तो नेमका होतो.

चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेनं देशात या रडारच्या पाच जोड्या उभ्या केल्या: गुजरात, ओडिशा, आंध्र, तमिळनाडू आणि अंदमान. या पाचांत कोकण नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर एक जोडी असावी असं मला मनापासून वाटतं. ढग किंवा पाऊस या लहरींना अडवत नाही. जागा हवी ती पाण्याच्या अगदी काठाला, अँटेनाचे खांब रोवण्यापुरती. मग चोवीस तास वीज आणि खाऱ्या हवेत तारा-जोड गंजू न देणारा माणूस, एवढी सोय मात्र कायमची लागते.