घड्याळ नेमके कोठून सुरू होते?

प्रश्न : गेल्या महिन्यात पहाटे तीनच्या सुमारास आमच्या जिन्याखालच्या विजेच्या मीटरांनी पेट घेतला. ११२ वर फोन लावताच पलीकडून विचारले गेले, “किस शहर से बोल रहे हैं?” मी घाबरून ‘रामबाग, देवळासमोर’ एवढेच सांगत राहिलो. फोन भोपाळला जातो म्हणूनच मदतीला उशीर होतो, असे शेजारी म्हणतात. हे खरे आहे का? शिवाय ‘अमुक मिनिटांत गाडी पोहोचते’ हे आकडे कोठून मोजलेले असतात?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : फोन भोपाळला जातो, हे खरे आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये पोलिसांची ‘डायल १००’ सेवा सुरू झाली तेव्हापासून सबंध मध्य प्रदेशाचे फोन तेथील एकाच नियंत्रण कक्षात घेतले जातात आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ‘डायल ११२’ आल्यावरही ती रचना कायम राहिली. मात्र गाडी भोपाळहून निघत नाही. निरोप तेथून इंदुरातल्याच गाडीला जातो आणि केवळ अंतरामुळे त्याला उशीर होत नाही. आडवे येते ते अनोळखीपण. ‘देवळासमोर’ हे शब्द आपल्या दूधवाल्याला पुरतात. शेकडो मोहल्ल्यांचे फोन घेणाऱ्याला त्यातून काहीच उमगत नाही. मोबाइलवरून ठिकाणाचा अंदाज येतो खरा, पण केवळ मनोऱ्यावरून बांधलेला अंदाज शेकडो मीटरनी चुकू शकतो, आणि दाट वस्तीत तेवढ्यात दोन-तीन गल्ल्या सहज बसतात.

म्हणून आधी शहर, मग मोहल्ला, मग गाडी ज्या मोठ्या रस्त्यावरून आत वळणार तो रस्ता आणि मगच ‘विजेची आग आहे, वर माणसे आहेत’ असे सांगावे. उलट प्रश्न संपेपर्यंत फोन ठेवू नये. दरम्यान घरातील एकाने बॅटरी घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे राहावे आणि तेथल्या स्कूटर बाजूला घ्याव्यात. (आमच्या मते, जुन्या इंदुरात अग्निशमनाची गाडी शहरभर जेवढी अडत नाही तेवढी शेवटच्या पन्नास पावलांवर अडते.) चालू विजेच्या आगीवर पाणी मात्र मुळीच ओतू नये.

आता आकड्यांविषयी. फोन उचलणे, माहिती नोंदवणे, गाडीला निरोप देणे, गाडीने निघणे आणि दारी पोहोचणे असे हे तुकडे आहेत. घड्याळ गाडीला निरोप गेल्यापासून लावले, तर आधीची मिनिटे हिशेबातून आपोआप गळतात. आपल्यासाठी मात्र वेळ धूर दिसल्यापासूनच चालू असते. दुसरी मेख सरासरीची. समजा, नऊ ठिकाणी गाडी ८ मिनिटांत आली आणि दहाव्या ठिकाणी ४० मिनिटांनी, तर सरासरी जेमतेम ११ मिनिटे भरते आणि ते दहावे घर तिच्यात दिसतही नाही.

तेव्हा माहितीच्या अधिकारात अर्ज करायचाच असेल, तर ‘सरासरी किती’ असे विचारू नये. ‘फोन लागल्यापासून गाडी घटनास्थळी पोहोचेपर्यंत, दर १०० घटनांपैकी ९० घटनांत जास्तीत जास्त किती मिनिटे लागली’ असे विचारावे आणि आकडे इंदूर शहराचे वेगळे मागावेत. २००५ च्या कायद्यानुसार उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे.