पेण-अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यात, समुद्रसपाटीच्या जमिनीवर भात कसा पिकतो?

सगळी किमया मातीच्या बांधाची. खाडीकाठी बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं. बांधात उघाडी, म्हणजे झडप: ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं, भरतीच्या दाबाने ती आपोआप मिटते. पावसाने माती धुऊन क्षार उतरले, की भात लावायचा. खारं सोसणाऱ्या पनवेल-१सारख्या जातीही आहेत. वर शेततळ्यात जिताडा मासाही!

पूर्वी गावकरी मिळून बांध राखायचे. १९७९च्या खारभूमी कायद्यानंतर बरंचसं काम सरकारकडे गेलं आणि, माझ्या मते, गावाचं लक्ष उडालं. आता उधाणात बांधाला खांड पडली, म्हणजे तो फुटला, आणि ती वेळेत बुजवली नाही, की शेतात कांदळवन (खारफुटीची झाडी) उगवतं. ते परवानगीशिवाय तोडता येत नाही.