गाडी कुठे तापते, ते आधी बघा

प्रश्न : 1999 ची मारुती 800 आहे. हायवेने बेळगावला जाताना तापमानाचा काटा मध्यावरच असतो, पण निपाणीच्या बाजारात अडकलो की लालकडे सरकतो. मिस्त्रींनी थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकला, फरक नाही. आता रेडिएटर बदला म्हणतात. बदलू का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : इतक्यात नको. रेडिएटर आतून चोंदला असता, तर गाडी तवंदी घाट चढताना किंवा 80 च्या वेगात आधी तापली असती. तुमची गाडी वारा लागला की थंड, उभी राहिली की गरम. संशय पंख्यावर घ्या.

इंजिन चालू ठेवून उभी करा. काटा मध्याच्या वर गेला आणि पंखा फिरेना, तर इंजिन बंद करून थर्मो स्विचचा (पाणी तापलं की पंखा सुरू करणारा स्विच) सॉकेट काढा. त्यातली दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडा, हात बाजूला ठेवून चावी ऑन करा. पंखा फिरला तर स्विच गेलाय, स्वस्तात सुटलात. नाही फिरला तर फ्यूज आणि रिले (पंख्याला वीज जोडणारा छोटा डबीसारखा स्विच) बघा, मग पंख्याच्या मोटरला बॅटरीवरून थेट 12 व्होल्ट द्या. तेव्हा फिरली तर दोष वायरिंगचा किंवा अर्थिंगचा. रडतखडत फिरली तर कार्बन ब्रश झिजलेत.

पंखा फिरतो तरी तापते? गाडीच्या पुढच्या जाळीसमोर कागद धरा, तो आत ओढला गेला पाहिजे. बाहेर ढकलला गेला तर मोटरच्या वायरी उलट्या जोडल्यात. मोटर बदलल्यावर ही चूक हमखास होते. गळिताच्या हंगामात पाचटाचा भुसा आणि धूळ रेडिएटरच्या पातळ पत्र्यांत बसते. ती इंजिनच्या बाजूने बाहेर, साध्या नळीने धुवा. वॉशिंग सेंटरच्या जोरदार धारेने पत्रे वाकतात.

थर्मोस्टॅट मात्र परत बसवा. तो काढणं हा इलाज नव्हे: थंडीत इंजिन गरमच होत नाही आणि पेट्रोल जास्त जातं. शंका असेल तर पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडा. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास (बहुधा 82 किंवा 88 अंश) तो उघडू लागला पाहिजे.

प्रश्न : जुन्या झेनमध्ये रोज पाव लिटर पाणी घालतो. खाली थेंब दिसत नाही.
— एक वाचक, खानापूर

उत्तर : आधी रेडिएटरचं झाकण बघा, अर्थात इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. रबर कडक झालं असेल तर दाब धरत नाही. बेळगावच्या उंचीवर साध्या पाण्याला 97-98 अंशांतच उकळी फुटते, 0.9 (दाबाचा आकडा) लिहिलेलं चांगलं झाकण ती 115 च्या पुढे नेतं. इंजिन थंड झाल्यावर वरचा पाइप चपटा होत असेल, तर झाकणाची उलटी झडप अडकलीय.

झाकण ठीक निघालं, तर वॉटर पंपाखालच्या छिद्राशी वाळलेला पांढरा-तांबूस डाग आणि हीटर असेल तर पुढच्या सीटसमोर पायाखालचं ओलं कार्पेट शोधा. तेही नाही? मग थंड इंजिन झाकण काढून सुरू करा. एक-दोन बुडबुडे चालतात. सतत येत राहिले, किंवा झाकण लावून थंड इंजिन सुरू केल्यावर एका मिनिटात वरचा पाइप दगडासारखा झाला, तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय. ऑइलच्या कांडीवर दुधाळ थर दिसला तर गाडी चोर्ला घाटात नेऊ नका, गॅरेजलाही ओढूनच न्या.

आणि बोअरचं पाणी घालणं थांबवा, क्षार आत दगडासारखे बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं, हीटर फुल गरमवर ठेवून हळूहळू भरा, नाहीतर हवा अडकेल.